भिंतीआडच्या बागा: चार्ल्सटनमध्ये लोकांच्या घरच्या बागा बघताना

नमस्कार मंडळी. इथे बसलेल्या बहुतेकांची बाग म्हणजे गच्ची, नाहीतर बाल्कनी, नाहीतर बंगल्याच्या कडेची दहा फुटांची पट्टी, हे मला माहितीये, आणि म्हणूनच आज मी अमेरिकेतल्या मोठमोठ्या बोटॅनिकल गार्डन्सबद्दल बोलणार नाहीये. आज बोलायचंय ते चार्ल्सटनबद्दल. साउथ कॅरोलायना राज्यातलं समुद्राकाठचं जुनं शहर, आणि तिथल्या लोकांच्या घराशेजारच्या, घरामागच्या चिंचोळ्या बागा, ज्या एरवी बंद दाराआड असतात आणि वसंत ऋतूत काही दिवस तिकीट काढून कुणालाही आत जाऊन बघता येतात.

मी राहते नॉर्थ कॅरोलायनातल्या शार्लटला, तिथून चार्ल्सटन गाडीने साधारण साडेतीन तास. नावांचा घोळ होतो म्हणून सांगते, शार्लट वेगळं, चार्ल्सटन वेगळं, आणि वेस्ट व्हर्जिनियातलं चार्ल्सटन अजूनच वेगळं. पहिल्यांदा गेले ती मैत्रिणीच्या आग्रहामुळे, मार्चअखेर, अझेलिया फुलायच्या दिवसात, आणि त्या वर्षी मी फक्त फुलंच बघितली. दुसऱ्या वर्षी वाफे कसे आखलेत, रस्ता कुठे वळवलाय ते बघायला लागले. भिंतींकडे लक्ष गेलं ते तिसऱ्या-चौथ्या वर्षी, आणि आता मला पक्कं वाटतं की चार्ल्सटनची बाग बघायला सुरुवात करायची तर ती भिंतीपासूनच करायला हवी. तर आज मी तसंच करते.

आधी जागा समजून घेऊ. अॅशली आणि कूपर या दोन नद्यांच्या मध्ये जिभेसारखी पुढे आलेली सपाट जमीन आहे आणि तिच्या टोकाशी जुनं शहर. इंग्रज इथे आले १६७० मध्ये, आधी अॅशलीच्या पलीकडच्या काठावर राहिले, मग १६८० मध्ये या टोकावर वस्ती हलवली. राजा दुसरा चार्ल्स याच्या नावाने चार्ल्स टाउन, आणि स्वातंत्र्ययुद्धानंतर १७८३ पासून चार्ल्सटन. ब्रॉड स्ट्रीटच्या दक्षिणेला ट्रॅड, चर्च, मीटिंग अशा गल्ल्या आहेत, एक लग्री स्ट्रीट आहे जिचं स्पेलिंग बघून तुम्ही भलताच उच्चार कराल, या सगळ्या गल्ल्यांमधले प्लॉट अरुंद आणि खूप लांब. रस्त्याला तोंड थोडं आणि आत मात्र खोलच खोल. कोकणातल्या माझ्या माहेरच्या बाजारपेठेतली घरं अशीच होती, पुढे दुकानाची फळी आणि मागे विहिरीपर्यंत, माडांपर्यंत जाणारं परसू.

अशा प्लॉटवर त्यांनी जे घर बसवलं त्याला सिंगल हाऊस म्हणतात. सिंगल म्हणजे रुंदीला एकच खोली. घराची अरुंद बाजू रस्त्याकडे आणि लांब बाजू आडवी, आत गेलेली, त्या लांब बाजूला पूर्ण लांबीची पडवी, बऱ्याचदा दुमजली, कधी तिमजली. या पडवीला तिथे पियाझा म्हणतात. बहुतेक घरांची पियाझा दक्षिणेला नाहीतर पश्चिमेला, कारण उन्हाळ्यात वारा तिकडून येतो, आणि तो दमट उन्हाळा आपल्या मे महिन्यातल्या रत्नागिरीसारखा असतो, एअरकंडिशनर नसताना लोक रात्री या पडवीतच झोपायचे. आता गंमत बघा, रस्त्यावरून जे सुंदर दार दिसतं ना, ते घराचं दार नसतंच, ते पियाझाचं दार. ते उघडलं की तुम्ही पडवीत, आणि घराचं खरं दार पडवीच्या मध्यावर. वाड्याच्या दिंडीदरवाज्यातून आत गेलं की आधी देवडी लागते आणि मग घर, तसंच अगदी.

आणि पडवीच्या समोर, तुमचं घर आणि शेजाऱ्याची भिंत यांच्या मधे जी पट्टी उरते, ती बाग. म्हणजे बागेची एक बाजू तुमची पडवी आणि दुसरी बाजू शेजाऱ्याच्या घराची उत्तरेकडची भिंत. त्या भिंतीला शेजाऱ्याने खिडक्या कमी ठेवायच्या, ठेवल्या तरी तिथे रेंगाळायचं नाही, डोकवायचं नाही, याला ते लोक नॉर्थ साइड मॅनर्स म्हणतात. मला हे फार आवडलं, कारण एवढ्या खेटून असलेल्या घरांमध्ये खासगीपणा नुसत्या विटांनी मिळत नाही, शेजाऱ्याने मान वळवल्यानेही मिळतो, आणि पुण्यातल्या सोसायट्यांमध्ये राहणाऱ्या लोकांना हे मी वेगळं सांगायला नको.

ही बाग चालत फिरण्यापेक्षा बसून बघण्याची, खालच्या पडवीतून आणि वरच्या पडवीतूनसुद्धा. वरून बघितल्यावर बुटक्या बॉक्सवूडच्या कुंपणांनी आखलेले वाफे रांगोळीच्या ठिपक्यारेषांसारखे दिसतात, आणि खाली उतरलं की तीच रांगोळी गायब होते, तुम्ही नुसते हिरव्या कडांच्या मधून चालत असता. बॉक्सवूड म्हणजे काय, तर आपल्याकडे कोयनेल किंवा मेंदी लावून कात्रीने कापतो ना, त्या कामाचं, पण पान बारीक, गच्च, आणि वाढ अतिशय मंद.

भिंतींचं म्हणाल तर निम्म्या बागांमध्ये वीट दिसतच नाही, कारण तिच्यावर फायकसचा वेल चढवलेला असतो, फायकस प्यूमिला. वड, पिंपळ, उंबर यांच्या घराण्यातलाच हा वेल, पण पान नखाएवढं आणि भिंतीला हिरवा रंग दिल्यासारखं चिकटून बसलेलं. आपल्याकडेही नर्सरीत मिळतो. पण जे लोक तो लावतील त्यांना सांगते, याचं हे नखाएवढं पान हे त्याचं बालपण आहे, तुम्ही कापत राहिलात तरच ते बालपण टिकतं. वर्षातून दोनतीनदा तरी कात्री लावली नाही तर त्याला जाड फांद्या फुटतात, मोठी पानं येतात, हिरवी फळं लागतात आणि तो भिंतीपासून फूटफूटभर बाहेर येतो, शिवाय जुन्या चुन्याच्या भिंतीत त्याची मुळं शिरली की विटांमधले सांधे सुटतात. मी बघितलेल्या एका बागेत मालकाने अख्खा वेल उतरवून भिंत पुन्हा भरून घेतली होती, आणि त्यानंतर वेल लावलाच नाही, नुसती वीट ठेवली. ती भिंत मला आजवरच्या सगळ्या हिरव्या भिंतींपेक्षा जास्त लक्षात राहिलीये, त्याकडे मी परत येते.

या बागांचं आजचं जे रूप आहे ते मात्र सगळंच अठराव्या शतकातलं नाही, आणि बघायला येणारे खूप लोक इथेच फसतात. त्यातलं पुष्कळसं एका माणसाचं आहे, लूट्रेल ब्रिग्ज. जन्म १८९३, न्यूयॉर्कचा लँडस्केप आर्किटेक्ट, १९२० च्या दशकाच्या शेवटी चार्ल्सटनला आला आणि १९२९ मध्ये तिथे ऑफिस उघडलं. शहर तेव्हा गरीब होतं. यादवी युद्धानंतर पैसा गेलेला, १८८६ च्या ३१ ऑगस्टला मोठा भूकंप झालेला, त्यानंतर घरं सावरायला भिंतींतून आरपार लोखंडी सळया घातल्या, त्यांच्या टोकांच्या चकत्या अजून बाहेरून दिसतात. जुनं पाडून नवं बांधायला लोकांकडे पैसेच नव्हते म्हणून जुनं राहिलं. मग उत्तरेतले श्रीमंत लोक थंडी काढायला इकडे घरं घ्यायला लागले. ब्रिग्जच्या सुरुवातीच्या मोठ्या कामांपैकी एक कॉर्नेलिया रोबलिंग यांचं, म्हणजे ब्रुकलिन ब्रिज पुरा करणाऱ्या वॉशिंग्टन रोबलिंगच्या विधवा पत्नी, त्यांच्या विल्यम गिब्ज हाऊसची बाग त्याने केली. पुढे या शहरात शंभरावर छोट्या बागा त्याने आखल्या.

छोट्या जागेचं गणित या माणसाला जे कळलं होतं ते मी आजवर दुसऱ्या कुणात बघितलं नाही. तीस-पस्तीस फूट रुंद आणि शंभरेक फूट लांब पट्टी, म्हणजे बोगदाच होणार की नाही? तो त्याचे तीन भाग करायचा, पण दारं न लावता. पडवीजवळ विटांची फरशी आणि एखादा गोल वाफा, मग मधे गवताचा तुकडा आणि त्याच्याकडेने फुलझाडं, आणि शेवटी सावलीत छोटा हौद किंवा भिंतीतून पडणारं पाणी आणि एक बाक. मधला रस्ता शेवटाकडे किंचित अरुंद केला की लांबी अजून वाटते, आणि वाफा गोल केला की डोळा तिथे थांबतो, रुंदी वाढल्यासारखी होते. एका वेळी पूर्ण बाग कधीच दिसू द्यायची नाही. आणि मालक थंडीतच येणार म्हणून झाडंही तशीच, कॅमेलिया थंडीत, अझेलिया मार्च-एप्रिलमध्ये, बाकी वर्षभर हिरवी राहणारी. त्यामुळे जुलैत तुम्ही गेलात तर यातल्या बऱ्याच बागांमध्ये रंग फारसा नसतो, नुसता हिरवा. मला स्वतःला ती हिरवी बाग जास्त आवडते, पण टूर ठेवणारे लोक वसंतातच ठेवतात ते बरोबरच आहे.

आता झाडं. इथे मला थोडं रेंगाळू द्या.

तुमच्यापैकी कितीजणांकडे अनंत आहे? बघा, निम्मे हात वर आले. अनंताला जगभर गार्डेनिया म्हणतात, आणि बहुतेकांना वाटतं गार्डनवरून गार्डेनिया. तसं नाहीये. चार्ल्सटनमध्ये अलेक्झांडर गार्डन नावाचा स्कॉटिश डॉक्टर होता, अठराव्या शतकात, रोगी तपासायचा आणि उरलेल्या वेळात कॅरोलायनाच्या रानातली झाडं, मासे, साप गोळा करून लंडनला आणि स्वीडनमध्ये, झाडांना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसला पाठवायचा. लंडनच्या जॉन एलिस या त्याच्या मित्राने लिनियसकडे आग्रह धरला की एखाद्या झाडाला याचं नाव द्या, आणि १७६० च्या सुमारास ते नाव मिळालं एका चिनी झुडपाला, ज्याचा चार्ल्सटनशी तेव्हा काही संबंध नव्हता. आज मात्र चार्ल्सटनच्या बागांमध्ये मे महिन्याच्या शेवटी हाच वास भरलेला असतो. मी पहिल्यांदा ट्रॅड स्ट्रीटवरच्या एका बागेत शिरले, झाड दिसायच्या आधी वास आला, आणि मला माझ्या आईची पूजेची परडी आठवली, पाण्याचे थेंब असलेली, वर दोनच अनंताची फुलं, कारण तिसरं तुळशीवृंदावनासाठी. तिथली मालकीण, सत्तरीची बाई, मला विचारत होती की तुमच्याकडे हे कुंडीत वाढतं का, आणि मी तिला सांगत होते की आमच्याकडे हे अंगणात वाढतं आणि त्याला अनंत म्हणतात, ज्याला शेवट नाही असा, तर तिने ते नाव दोनतीनदा म्हणून बघितलं.

दुसरं, क्रेप मर्टल. उन्हाळ्यात रस्त्यारस्त्यावर गुलाबी, जांभळी, पांढरी, चुरगळलेल्या क्रेपसारखी फुलं, आणि खोड इतकं गुळगुळीत की हात फिरवावासा वाटतो. हे आपल्या ताम्हणीचं सख्खं भावंड, दोन्ही लॅगरस्ट्रोमिया. ताम्हण आपल्या महाराष्ट्राचं राज्यफूल. हे झाड, आणि कॅमेलिया, आणि टी ऑलिव्ह तिकडे आणण्याचं श्रेय बहुतेकजण आंद्रे मिशो या फ्रेंच वनस्पतीशास्त्रज्ञाला देतात, फ्रान्सच्या राजाने त्याला अमेरिकेत झाडं शोधायला पाठवलं होतं आणि १७८० च्या दशकात त्याने चार्ल्सटनच्या बाहेर स्वतःची नर्सरी थाटली होती. कॅमेलिया ही चहाची बहीण हे तुम्हाला पानावरून लगेच ओळखू येईल. आणि टी ऑलिव्ह म्हणजे ऑस्मॅन्थस, हे मोगरा, जाई, पारिजातक यांच्या कुळातलं, फूल तांदळाच्या कणीएवढं, पानाआड लपलेलं, दिसतच नाही, पण थंडीच्या एखाद्या उबदार दिवशी पूर्ण गल्लीला वास. पियाझाच्या जवळ ते मुद्दाम लावतात.

ख्रिसमसला आपण पॉइन्सेटिया आणतो, लाल पानांची कुंडी, तीही इथल्याच माणसाच्या नावाची, जोएल पॉइन्सेट, जन्म चार्ल्सटनचा, अमेरिकेचा मेक्सिकोतला पहिला राजदूत, त्याने तिकडून ते झाड १८२० च्या दशकात पाठवलं. आणि गुलाबवाले कुणी असतील तर त्यांच्यासाठी, नॉइझेट हा गुलाबांचा अख्खा वर्ग चार्ल्सटनचा आहे. जॉन चॅम्पनीज नावाच्या भातशेतीच्या मालकाकडे एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला चिनी गुलाब आणि मस्क गुलाब यांचा संकर झाला, आणि फिलिप नॉइझेट या त्याच्या परिचयातल्या माळ्याने त्यापासून पुढची रोपं करून पॅरिसला आपल्या भावाकडे पाठवली, तिथून ते जगभर गेले. टूरमध्ये हे सगळं सांगतात. जे फार कमी ठिकाणी सांगतात ते असं, की नॉइझेटची बायको सेलेस्टीन ही कॅरिबियन बेटांवरची काळी स्त्री होती, आणि कॅरोलायनाच्या कायद्याप्रमाणे ती आणि त्यांची मुलं त्याची गुलाम म्हणून गणली जायची. ज्या गुलाबाला त्यांच्या कुटुंबाचं नाव आहे त्याच कुटुंबाची ही कागदावरची स्थिती.

आणि इथून मला परत भिंतीकडे यायचंय.

ज्या बागेची मी मघाशी गोष्ट सांगितली, वेल उतरवलेली, तिथे मी त्या नुसत्या विटांकडे बघत उभी होते तर मालक आले आणि म्हणाले, खाली वाका, डावीकडे बघा. गुडघ्याच्या उंचीला एक वीट होती आणि तिच्यावर तीन खळगे, बोटांचे. ओली वीट साच्यातून काढून उन्हात वाळत घालताना, उलटवताना उमटलेली बोटं. चार्ल्सटनच्या आसपास वाँडो आणि कूपर नद्यांच्या काठी वीटभट्ट्या होत्या आणि तिथे काम करणारे गुलाम करून आणलेले, गुलामीतच जन्मलेले लोक, बायका आणि मुलंसुद्धा. वाळत घातलेल्या विटा उलटवायचं काम बऱ्याचदा मुलांचं. मी माझी बोटं त्या खळग्यांत ठेवून बघितली, ती बसेनात, खळगे लहान होते.

त्या दिवसापासून मी बाग बघताना आधी विचारते की इथे बागेच्या आधी काय होतं. कारण घरामागची जी जागा आज तुम्हाला गवत, कारंजं, अझेलिया अशी दिसते, तिथे अठराव्या-एकोणिसाव्या शतकात बहुतेक ठिकाणी वर्कयार्ड होतं. स्वयंपाकघर वेगळं, आगीच्या भीतीने मुख्य घरापासून लांब, त्याच्या वर माडीवर गुलामांच्या खोल्या, बाजूला पाण्याची टाकी, विहीर, धुणं, घोडे, कोंबड्या, शौचकूप. घरातल्या कुटुंबापेक्षा तिथे काम करणारी माणसं पुष्कळदा जास्त. आज त्या किचन हाऊसचं गेस्ट हाऊस झालंय आणि त्याच्यासमोर गुलाबाची कमान आहे. मी म्हणत नाही की कमान काढून टाका. पण तिकिटाबरोबर जो कागद हातात देतात त्यात वाफ्यातल्या प्रत्येक झाडाचं नाव असतं आणि त्या माडीवर राहणाऱ्यांचा उल्लेख एका ओळीत उरकलेला असतो, काही वेळा तेवढाही नसतो, याचा मला त्रास होतो आणि तो मी तिथल्या लोकांनाही बोलून दाखवते. गेल्या काही वर्षांत फरक पडतोय, हेही सांगायला हवं.

ज्यांना हे नीट समजून घ्यायचंय त्यांनी खासगी बागांच्या आधी दोन म्युझियमची घरं बघावी. चर्च स्ट्रीटवरचं हेवर्ड-वॉशिंग्टन हाऊस, १७७२ चं, जॉर्ज वॉशिंग्टन १७९१ मध्ये तिथे उतरला होता, त्याच्या मागे स्वयंपाकघराची इमारत अजून उभी आहे आणि तिच्या पलीकडे आखीव बाग. आणि दुसरं एकेन-रेट हाऊस, तिथे मागचं अंगण आणि गुलामांच्या खोल्या रंगरंगोटी न करता जशा होत्या तशा ठेवल्यात. ते बघून मग ब्रिग्जच्या बागेत जा, तीच बाग वेगळी दिसते.

लोखंडी गेट्सचंही तसंच. चार्ल्सटनचं काय प्रसिद्ध, तर गेट्स, त्यातून बाग अर्धी दिसते आणि अर्धी दिसत नाही. जुन्या गेट्समध्ये लग्री स्ट्रीटचं तलवारींचं गेट प्रसिद्ध आहे. पण विसाव्या शतकातली जी उत्तम आहेत त्यातली किती तरी फिलिप सिमन्स यांनी बनवलेली. १९१२ चा जन्म, डॅनियल आयलंडचे, तेराव्या वर्षी पीटर सिमन्स नावाच्या लोहाराकडे कामाला लागले, आडनाव एक पण नातं नाही, आणि हे पीटर सिमन्स स्वतः गुलामीत जन्मलेले. आधी घोड्याचे नाल आणि गाडीची चाकं, मग मोटारी आल्या, ते काम संपलं, तर जुनी गेट्स दुरुस्त करता करता स्वतःची बनवायला लागले, वेली, हृदयाचे आकार, पक्षी, साप. पाचशेच्या वर कामं. १९८२ मध्ये त्यांना नॅशनल हेरिटेज फेलोशिप मिळाली, लोककलावंतांना दिला जाणारा तिथला मोठा राष्ट्रीय सन्मान. २००९ मध्ये गेले. अॅन्सन स्ट्रीटवर त्यांच्या चर्चच्या आवारात त्यांच्या नावाची बाग आहे, तिथे हृदयाचं गेट आहे, ते बघायला तिकीट लागत नाही. ज्या बागांची गेट्स त्यांनी घडवली, त्या बागांच्या मालकांसारखं आयुष्य त्या काळात त्यांना मिळणं शक्यच नव्हतं, वर्णभेदाचे कायदे होते, पण गेट उघडताना कडीवर हात ठेवलात की तुमचा हात त्यांच्या कामावर असतो.

हे सगळं लोकांसाठी उघडं झालं कसं? घरं वाचवायच्या चळवळीतून. १९२० मध्ये सुझन प्रिंगल फ्रॉस्ट या बाईंनी जुनी घरं पाडू नयेत म्हणून संस्था काढली. १९३१ मध्ये शहराने जुन्या भागासाठी खास कायदा केला, अमेरिकेतला अशा प्रकारचा पहिलाच. आणि १९४७ मध्ये हिस्टॉरिक चार्ल्सटन फाउंडेशन सुरू झालं, त्यांच्या वसंतातल्या टूर्स तेव्हाच्या सुमारापासून चालल्यात, तिकिटाचे पैसे जुन्या वास्तू जपायच्या कामाला जातात. गार्डन क्लबवाल्या बायकाही स्वतःची टूर काढतात. मालकांना यातून काही मिळत नाही, उलट महिना-दोन महिने आधीपासून त्यांची झोप उडालेली असते, शेकडो माणसं आपल्या अंगणातून जाणार म्हणून. मला या लोकांबद्दल खरंच आदर आहे. आपण आपली बाग शेजाऱ्यालाही दाखवताना आधी पिवळी पानं काढतो.

टूरचा दिवस कसा असतो ते थोडक्यात. तिकीट आधी काढावं लागतं, नकाशा मिळतो, तीनएक तासांत सात-आठ घरं, क्रम तुमचा तुम्ही ठरवायचा. दारात स्वयंसेवक उभे. घरात फोटो काढू देत नाहीत, बागेत विचारून काढा. विटांवर टाचेच्या चपला नकोत. मी सगळी घरं उरकत नाही, चार बघते आणि प्रत्येक बागेत पहिल्यांदा बाकावर बसते, कारण ती बसूनच बघायची आहे. आणि मालक भेटले तर एकच प्रश्न विचारते, इथे काय लावलं होतं जे जगलं नाही? कौतुकाला लोक एका वाक्यात उत्तर देतात, पण मेलेल्या झाडाबद्दल विचारलं की खुर्ची ओढून बसतात.

त्या उत्तरांमधूनच मला पाण्याचं कळलं. हे टोक समुद्रसपाटीपासून जेमतेम वर, त्यातला बराच भाग जुन्या खाड्या, दलदली भरून केलेला, आणि भरती मोठी असली की पाऊस नसतानाही गटारांतून खारं पाणी रस्त्यावर येतं, काही ठिकाणी बागेत शिरतं. समुद्र चढतोय आणि जमीनही हळूहळू खचतेय. आधी असं फक्त वादळात व्हायचं. १९८९ च्या सप्टेंबरात ह्यूगो वादळ आलं तेव्हा जुन्या बागांचं अतोनात नुकसान झालं, त्यावेळी लावलेली झाडं म्हणून लोक आता तीस-पस्तीस वर्षांची झाडं दाखवतात. पण आता वर्षातून कितीतरी वेळा. कोकणातल्या लोकांना खाजणाचं पाणी शेतात शिरलं की काय होतं ते माहितीये. कॅमेलियाला मीठ चालत नाही, पानांच्या कडा जळतात, दोन वर्षांत झाड जातं. बॉक्सवूडला मुळं कुजण्याचा आणि बुरशीचा त्रास वेगळाच. मग लोक काय करतायत, तर बॉक्सवूडच्या जागी बुटकी योपॉन हॉली लावतायत, ही तिथलीच रानटी, तिच्या पानात कॅफिन असतं आणि तिथले मूळ रहिवासी तिचा काढा प्यायचे. खारं वारं सोसते, कापली तर तशीच गच्च होते. एका बागेत ब्रिग्जचा मूळ नकाशा फ्रेम करून पडवीत लावलाय आणि बागेत रेषा त्याच्याच, झाडं मात्र सगळी बदललेली. मालकीण म्हणाली, रेषा त्याच्या, पाणी आमचं.

अजून एक बाग सांगते आणि थांबते. ती कुणाच्या घरची नाही. कूपर नदीकाठी गॅड्सडेन्स वार्फ नावाचा धक्का होता, जहाजांतून आणलेल्या आफ्रिकन माणसांना तिथे उतरवायचे. त्या जागेवर २०२३ मध्ये इंटरनॅशनल आफ्रिकन अमेरिकन म्युझियम उघडलं. इमारत १८ खांबांवर तेरा फूट उचललेली आहे, जमिनीला टेकवलेलीच नाही, आणि तिच्या खाली बाग, वॉल्टर हूड यांनी केलेली. स्वीटग्रासचं रान आहे, ज्या गवताच्या टोपल्या तिथल्या गला समाजाच्या, म्हणजे आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांच्या वंशजांच्या, बायका विणतात. आणि नदीकडच्या बाजूला एक उथळ हौद आहे, तळाशी जहाजात दाटीवाटीने झोपवलेल्या माणसांच्या आकृती कोरलेल्या, पाणी चढतं तेव्हा त्या झाकल्या जातात आणि पाणी उतरलं की परत दिसतात. मी तिथे संध्याकाळी गेले होते, दिवसभर पाच खासगी बागा बघून. पायात अजून विटांच्या रस्त्यांची धूळ होती. एक आजोबा नातवाला हात धरून हौदाच्या कडेने चालवत होते, मुलगा त्या आकृती मोजत होता आणि आजोबा त्याला घाई करत नव्हते.

बरं, आता तुमचे प्रश्न घेऊ. त्याआधी एक. सावंतवाडीच्या घरच्या अनंताच्या फांद्या भावाने छाटून दिल्यात, मागच्या टेबलावर ओल्या गोणपाटात ठेवल्यात, घरटी दोन घ्या. खालची पानं काढा, कोकोपीट आणि वाळूत खोचा, सावलीत ठेवा, पावसाळी हवेत महिना-दीड महिन्यात मुळं धरतात. पुण्यात बोअरचं पाणी देऊ नका, पानं पिवळी पडतात, या झाडाला आंबट माती लागते. पावसाचं पाणी साठवलं असेल तर तेच द्या. आणि कुंडी मोठी घ्या.